गिरणगाव सोडून माणसं का गेली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘मुंबईतला मराठी माणूस मुंबईबाहेर फेकला गेला,’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं आहे, की आता ते कानावरून नुसतं जातं. निवडणुकीच्या सभेत ते येतं, गणपतीत जुने शेजारी भेटले की येतं, कर्जत लोकलच्या डब्यातही येतं. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र या वाक्यापाशी थांबावं लागतं. ‘फेकला गेला’ म्हणजे कुणी फेकला? वाक्यात कर्ताच नाही. आणि कर्ता नसला, की प्रत्येक जण आपल्या सोयीचा कर्ता तिथे आणून बसवतो. कुणी परप्रांतीयांना बसवतो, कुणी बिल्डरला, कुणी पुढाऱ्यांना, तर कुणी खुद्द मराठी माणसाच्या आळसाला.

मला आज या प्रश्नाकडे जरा शांतपणे पाहायचं आहे. लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, लोअर परळ, वरळी हा पट्टा आपण गिरणगाव म्हणून ओळखतो. तिथून माणसं कल्याण-डोंबिवलीला, बदलापूरला, विरार-नालासोपाऱ्याला का गेली? वस्तीतले चेहरे बदलले म्हणून ती गेली, की ती गेली म्हणून चेहरे बदलले? माझं म्हणणं थोडक्यात असं, की बहुतेक घरांत आधी हिशेब बदलला, मग माणसं गेली आणि शेजारचे चेहरे सर्वांत शेवटी बदलले.

पहिली गोष्ट म्हणजे, गिरणगाव हीच मुळी बाहेरून आलेल्यांची वस्ती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी उभारण्यासाठी कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांची धुराडी परळ-लालबागच्या शेतजमिनींवर उभी राहिली. कामाला माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून. १९२१च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर शंभर माणसांपैकी मुंबईतच जन्मलेली माणसं अवघी सोळा होती. बाकीची चौऱ्याऐंशी बाहेर जन्मलेली. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून, जन्मलेली माणसंच शहराचा जवळजवळ पाचवा हिस्सा होती.

ही माणसं हौसेने आली नव्हती. तुकड्यातुकड्यांची शेती, खोताचा जाच, वर्षभर न पुरणारं भात. घरातला एक पुरुष मुंबईला गेला आणि त्याची मनिऑर्डर आली, तर गावच्या घराची चूल पेटायची. म्हणून बायको-मुलं गावी आणि कर्ता पुरुष मुंबईत, अशी दोन टोकांची घरं तयार झाली. मुंबईत गावकीची खोली असे. एका गावचे दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त पुरुष तिथे राहत. दिवसपाळीवाला कामावर गेला, की त्याच जागेत रातपाळीवाला झोपे. जेवायला खानावळ, आणि ती चालवणारी बहुधा गिरणीत काम न मिळालेली किंवा कामावरून कमी झालेली बाई. गिरणीतला मुकादम आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं कामाला लावी आणि तीच माणसं एका चाळीत राहायला येत.

तेव्हा शेजार कसा ठरत होता? तर कामावर लावणारा कोण, गाव कुठलं आणि जात कुठली, यावर. मदनपुऱ्यात उत्तरेतून आलेले मुसलमान विणकर होते. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर होते. उत्तर प्रदेशातले कामगार होते. दलित कामगारांना विणकाम खात्यात शिरू दिलं जात नसे, कारण तिथे धोटा भरताना सूत तोंडाने ओढावं लागे आणि बाकीच्यांना विटाळाची भीती वाटे. चांगल्या पगाराचं खातं बंद, आणि घरंही वेगळ्या चाळींत. आज आपण आठवणीत जे एकजिनसी, एकोप्याचं गिरणगाव रंगवतो, ते तसं कधीच नव्हतं. एकोपा होता, संपांच्या काळात तो लखलखून दिसलाही. पण भिंतीही होत्या.

दुसरी गोष्ट, इथून माणसांनी बाहेर पडणं हेही नवीन नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडलं. बहुतेक परत आले. पण त्या प्लेगमुळे सरकारने १८९८ मध्ये ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडून रस्ते काढले, कामगारांसाठी काही चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याला मोकळ्या जमिनीवर प्लॉट पाडले. गिरगावातल्या ज्या पांढरपेशा कुटुंबांना परवडलं, ती तिकडे सरकली. गिरगावातून दादर, दादरहून पार्ले, पुढे ठाणे-डोंबिवली हा मराठी मध्यमवर्गाचा मार्ग तेव्हापासूनचा आहे.

या ट्रस्टच्या दोन्ही कामांशी जोडलेलं एक ठळक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळला पोयबावडीजवळ ट्रस्टच्या चाळीत राहत होते. एवढा मोठा विद्वान, बॅरिस्टर, आणि दोन खोल्यांत संसार, पुस्तकं आणि भेटायला येणारी माणसं. १९३०च्या दशकात ते दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहायला गेले. त्या घराची आखणीच ग्रंथसंग्रहासाठी होती. चाळ त्यांनी सोडली, परळच्या माणसांशी असलेलं नातं सोडलं नाही. माणूस जागा सोडतो तेव्हा प्रत्येक वेळी तो हरलेलाच असतो असं नाही. कधी तो वाढलेला असतो आणि खोली तेवढीच राहिलेली असते.

खोली तेवढीच राहिली, हीच आपल्या गोष्टीची खरी कळ आहे. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला ज्या बीडीडी चाळी बांधल्या, त्यातली खोली १६० चौरस फुटांची. संडास बाहेर, मजल्यावर सामाईक. खासगी मालकांच्या चाळींतही याहून फार वेगळं चित्र नव्हतं. एकट्या पुरुषांसाठी किंवा नवरा-बायको आणि दोन लहान मुलांसाठी ती कशीबशी पुरे. पण स्वातंत्र्यानंतर बायका-मुलं गावाहून आली, मुलं इथेच जन्मली, शिकली, त्यांची लग्नं झाली. पोटमाळा काढला, गॅलरी बंद करून घेतली, धाकटा पॅसेजमध्ये झोपू लागला. त्यापुढे काय करायचं?

इथे भाड्याच्या कायद्याचा विचार करायला हवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली, म्हणून १९१८ मध्ये मुंबईत भाडं नियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७चा कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० रोजी जी होती, तिथेच बांधली गेली. हेतू चांगला होता. या कायद्याने लाखो गरीब कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर टिकवलं, हे विसरता कामा नये. मालकाला मनमानी भाडंवाढ करता येईना, भाडेकरूला हाकलता येईना. पण महागाई वाढत गेली आणि भाडं जागच्या जागी राहिलं, तसा मालकाने दुरुस्तीतून हात काढला. इमारती जीर्ण झाल्या, पडूही लागल्या. शेवटी १९६९ मध्ये सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा करून मंडळ नेमावं लागलं आणि त्यासाठी उपकर लावावा लागला.

या व्यवस्थेतून पागडी फोफावली. कायद्याने ती निषिद्ध होती, व्यवहारात सर्रास चालायची. जुना भाडेकरू खोली सोडताना नव्याकडून रोख रक्कम घेई आणि त्यातला हिस्सा, साधारणपणे तिसरा, मालकाला देई. मालक नव्याच्या नावाने भाडेपावती फाडी. १९९९च्या कायद्याने, म्हणजे ३१ मार्च २०००पासून, या पागडीला कायदेशीर मान्यताही मिळाली. याचा परिणाम काय झाला बघा. खोलीत राहत असेपर्यंत ती अगदी स्वस्त. महिन्याचं भाडं भाजीच्या पिशवीइतकंही नाही. पण त्या खोलीची किंमत हातात पडायची असेल, तर ती एकदाच आणि ती सोडली तरच.

आता एक सर्वसाधारण घर डोळ्यांसमोर आणा. वडील गिरणीत, आई घरी, तीन मुलगे. भाडेपावती वडिलांच्या नावावर. दोन मुलांची लग्नं झालेली, तिसऱ्याचं ठरत नाही, कारण मुलीकडचे विचारतात, ‘राहणार कुठे?’ एका खोलीचे तीन भाग होत नाहीत, पण पागडीच्या पैशाचे होतात. त्या पैशात लालबागला दुसरी खोली येत नाही, नालासोपाऱ्याला किंवा बदलापूरला मात्र स्वतःच्या नावावरचं, संडास आत असलेलं घर येतं. कुणी कुणाला हाकललेलं नसतं. एका रात्री घरात बसून हिशेब होतो आणि तो सगळ्यांना पटतो. आईला पटतो की नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. नळावर, जिन्यात, हळदीकुंकवाला जोडलेली तिची माणसं या हिशेबात कुठेच धरलेली नसतात.

तरीही एक दोरी होती, जी माणसाला गिरणगावात बांधून ठेवत होती. ती म्हणजे भोंगा. गिरणी पायी जाण्याच्या अंतरावर असेल आणि पाळी सकाळी सातला लागत असेल, तर विरारहून येणं परवडत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि ही दोरी तुटायला सुरुवात झाली. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो नुसता विरत गेला. हजारो कामगारांना परत घेतलं नाही, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पगार गेला, तशी घरातली भांडी, मंगळसूत्र आणि शेवटी खोली, या क्रमाने वस्तू बाहेर पडल्या. त्या काळात अनेकांनी खोली विकली ती मोठं घर घेण्यासाठी नव्हे, तर देणी भागवण्यासाठी, मुलीच्या लग्नासाठी. काही सरळ गावी परतले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकातलं कुटुंब याच काळातलं आहे.

आणि नेमक्या याच काळात जमिनीचा भाव चढत होता. बंद गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती, शहराच्या अगदी मध्यावर. १९९१च्या विकास नियमावलीत ती विकसित करण्याची वाट मोकळी झाली. मूळ कल्पना अशी, की ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची करायची, असं ठरलं. साहजिकच सार्वजनिक वाटा अगदी आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या एका गिरणीची, मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती.

म्हणजे, ज्याला ही जागा कामाची होती त्याचं इथलं काम संपलं आणि त्याच वेळी ज्यांना तिच्याशी काही घेणं नव्हतं त्यांच्या दृष्टीने ती सोन्याची झाली. माझ्या मते गिरणगाव हललं ते या क्षणी. शेजारी कोण राहायला आला, हा त्यानंतरचा भाग. चाळीत आलेला परप्रांतीय टॅक्सीवाला किंवा खोली घेऊन दुकान थाटणारा व्यापारी ही सुटलेली जागा भरायला आलेली माणसं होती. त्यांनी भाडं बांधलं नव्हतं, गिरणी बंद केली नव्हती आणि २००१चा नियमही बदलला नव्हता.

याचा अर्थ शेजाराला काहीच महत्त्व नाही, असा नाही. नव्या टॉवरमध्ये मासे-मटण खाणाऱ्यांना घर नाकारल्याच्या तक्रारी मुंबईत वारंवार झाल्या आहेत आणि त्या गांभीर्याने घ्यायला हव्यात. त्याहून मोठं उदाहरण मुंब्र्याचं. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला गेली, ती हिशेब करून नव्हे. ती जिवाच्या भीतीने गेली. भीतीने घर सोडणं आणि हिशेबाने घर सोडणं, या दोन गोष्टी इतिहासात वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत. लालबागच्या माणसाचं जाणं दुःखाचं आहे, पण ते पहिल्या जातीचं नाही. त्याला पहिल्या जातीचं भासवलं, की राग चुकीच्या माणसावर निघतो.

आकडे काय सांगतात तेही पाहू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या भागाची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. अडीच लाख माणसं कमी झाली, आणि ती सगळी मराठी नव्हती. भुलेश्वर-काळबादेवीच्या माळ्यांमधले गुजराती बोरिवली-कांदिवलीला गेले, त्यांचीही कारणं तीच, लहान खोली आणि वाढलेलं कुटुंब. याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पालघर त्यातून २०१४ मध्ये वेगळा झाला. कुळगाव-बदलापूरची वस्ती सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर पोहोचली. बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४५ लाखांवरून ४४ लाखांवर आले, तर हिंदी सांगणारे सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. आणि या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्याही याच दशकात घटली. मुंबईतून निघालेला माणूस गावी परतलेला नाही. तो मधेच, रेल्वेच्या रुळाला लागून राहिला आहे.

कारण रेल्वे हीच या स्थलांतराची खरी वाट. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १९२५ मध्ये विजेवरची लोकल आली, आणि महिन्याच्या पासावर दूर राहून मुंबईत काम करणं शक्य झालं. पण या स्वस्त पासाची किंमत वेळेत मोजावी लागते आणि कधी जिवानेही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि चाळींतून गेलेल्यांची मुलं त्याच लोअर परळला, वडील जिथे पाळीला जात तिथेच, दोन-दोन तासांचा प्रवास करून नोकरीला येऊ लागली. गिरणीच्या काळात बांधलेली स्थानकं आणि पूल मात्र तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. घर लांब गेलं आणि काम तिथेच राहिलं, की काय होतं, याचा तो सर्वांत क्रूर पुरावा आहे.

मग जे अजून गिरणगावात आहेत, त्यांचं काय? त्यांच्यापुढे आज पुनर्विकास आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या पहिल्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांच्या दृष्टीने हा मोठाच दिवस. पण घर मिळणं आणि घर टिकणं यात फरक आहे. चाळीत खर्च नगण्य होता. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, पाण्याचे पंप आहेत, पहारेकरी आहेत, अग्निशमन यंत्रणा आहे आणि या सगळ्याचं मेंटेनन्स दर महिन्याला आहे. महापालिकेने २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला, हे चांगलं झालं. पण मेंटेनन्स माफ होत नाही. निवृत्तिवेतन नसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याने ते कुठून भरायचं? पुनर्विकास झालेल्या इमारतींतून दहा-पंधरा वर्षांत जुने रहिवासी विरळ होत जातात, ते बहुधा याच कारणाने. म्हणून करारावर सही करताना चटईक्षेत्र किती, याच्याइतकाच मेंटेनन्सचा ठेव निधी किती आणि तो किती वर्षं पुरेल, हा प्रश्न विचारला पाहिजे. पावतीवर नाव कुणाचं आहे, बहिणीचं, विधवा वहिनीचं काय, हेही तेव्हाच बोलून घेतलं पाहिजे. नंतर ते कोर्टातच बोललं जातं.

आणि ज्यांची खोली आधीच गेली त्या गिरणी कामगारांचं काय? घरासाठी दीड लाखाहून अधिक कामगार आणि वारसांनी अर्ज केले. २०१२ मध्ये गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली. त्यानंतर सोडती निघाल्या, पण अर्जांच्या मानाने घरं थोडीच. २०२४ मध्ये सरकारने कामगारांना शेलू आणि वांगणी इथे घरं देण्याची योजना पुढे आणली. कर्जतच्या दिशेला, बदलापूरच्याही पलीकडे. जुलै २०२५ मध्ये वृद्ध कामगार आझाद मैदानात जमले ते हे सांगायला, की आम्हाला घर हवं आहे, पण मुंबईत हवं आहे.

त्यांच्या या मागणीकडे हट्ट म्हणून पाहू नये, असं मला वाटतं. ज्या जमिनीवर त्यांनी आयुष्यभर पाळ्या केल्या, तिची किंमत कोट्यवधींत गेली आणि त्या वाढीतला त्यांचा वाटा नियमातल्या एका बदलाने घटला. हा बदल कुणा शेजाऱ्याने केलेला नव्हता. तो छापील राजपत्रातून आला, त्यावर हरकती मागवल्या गेल्या, न्यायालयात युक्तिवाद झाले. म्हणजेच तो आपल्या डोळ्यांदेखत झाला. पुढचे बदलही असेच होतील, पुनर्विकासाच्या नियमांत, ठेव निधीच्या तरतुदींत, सोडतीच्या अटींत. मुंबईत कोण राहू शकेल आणि कुणाला शेलूची गाडी पकडावी लागेल, हे यापुढेही तिथेच ठरणार आहे. आपलं लक्ष मात्र शेजारच्या खोलीत कोण आला, याच्यावरच राहिलं, तर ते ठरवताना आपण तिथे नसू.